गिरकोबाची शाल

बाळांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. यातला एक शब्द जरी खोटा निघाला तरी उद्यापासून मला चहा बेचव लागो. मी स्वतः तिथे हजर होतो. पहिल्या रांगेत.

आता तुमच्यातली ती दोन वेण्यांची विचारणारच, की काका, जंगलात रांगा कुठून आल्या? बरोबर आहे. तर मी पहिल्या रांगेत नव्हतो. नीट सांगायचं तर मी तिथे नव्हतोच. पण एका सरड्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मला सांगितलं. सरडा रंग बदलतो, गोष्ट बदलत नाही. मला त्यानं ती दोनदा सांगितली तेव्हा तरी फारसा फरक नव्हता.

तर एका जंगलात एक डोंगर होता. डोंगरावर काळा कातळ होता, कातळात एक कपार होती, आणि कपारीत एक खळगी होती. खळगी एवढीशी, की तिच्यात एकच भुंगा मावायचा. तोही मोहरीएवढा.

या भुंग्याचं नाव गिरकोबा. तो पाठीवर पडून स्वतःभोवती गिरक्या घ्यायचा. यात काय मोठंसं, म्हणाल. पाठीवर पडलेला कुठलाही भुंगा गरगरतोच. पण गिरकोबा डावीकडे फिरायचा आणि त्याच वेळी उजवीकडेही फिरायचा.

थोडा वेळ डावीकडे, मग थोडा वेळ उजवीकडे, असं नव्हे हं. एकदम. हे कसं, ते मला विचारू नका. मी सरड्याला विचारलं होतं. तो म्हणाला, समजून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, मान डोलाव. मी डोलावली. तुम्हीही डोलवा.

मात्र कोणी त्याला थेट विचारलं, 'गिरकोबा, कुठली बाजू?', की तो थबकायचा आणि एकाच दिशेला तोंड करायचा. विचारेपर्यंत दोन्ही. विचारलं की एक.

जंगलाला त्याचा फार उपयोग होता. जंगलात भांडणं पुष्कळ. माझं झाड, तुझं पाणी, तुझ्या पोराने माझ्या पोराला ढकललं. ती सोडवायला आधी मोठमोठे प्राणी बसवून पाहिले. पण मोठा प्राणी ऐकायला बसतो तेव्हा आधीच कुणाकडे तरी कललेला असतो. कुणी त्याच्या गावचा निघतो, कुणी त्याला मध आणून दिलेला असतो. गिरकोबा कुणाकडेच कललेला नसे, कारण तो दोघांकडेही पूर्ण कललेला असे.

एक जण खळगीच्या डावीकडे बसायचा, दुसरा उजवीकडे. दोघांनी आपापलं गाऱ्हाणं सांगायचं. प्रत्येक शब्दाचा गिरकोबाला बारीकसा धक्का बसायचा. खरं बोलणं सरळ असतं, त्यामुळे त्याचे धक्के एकाच दिशेनं साठत जात. खोटं बोलणाऱ्याला वळणं घ्यावी लागतात, मग त्याचा एक धक्का दुसऱ्याला खोडून काढी. दुपार कलून ऊन कपारीच्या तोंडाशी आलं, की दोघांनी मिळून विचारायचं, 'कुठली बाजू?' गिरकोबा थांबायचा. ज्याच्याकडे तोंड, त्याचा निकाल. घरी जायचं.

अट एकच होती. थंडी.

कपार बारा महिने गारढोण असायची, आणि ती तशीच ठेवायला लागायची. येणाऱ्यानं आधी खालच्या ओहोळात पाय बुडवून अंग निवेपर्यंत उभं राहायचं. आत दोघांखेरीज तिसऱ्यानं यायचं नाही. पाय आपटायचे नाहीत. श्वास बाहेर तोंड करून सोडायचा. कारण कातळ वरून गप्प दिसला तरी ऊब लागली की त्याचा कण न् कण हुळहुळतो. आणि खळगीभर कातळ हुळहुळू लागला, की गिरकोबाचा ताल सुटतो.

यात एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. ताल सुटला तरी गिरकी चालूच राहते. बघणाऱ्याला वाटतं, फिरतोय की झकास. पण आत साठलेलं सगळं पुसलं गेलेलं असतं. एकदा एक घोरपड उन्हात तापून तशीच आत आली होती. गिरकोबा दिवसभर फिरला आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून थांबला. त्या दिवशी खटला भिंतीनं जिंकला. तेव्हापासून पाय बुडवण्याचा नियम सगळ्यांनी मनावर घेतला.

बरीच वर्षं असं छान चाललं. छान चाललेलं काही असलं, की कुणाला तरी त्याचं काहीतरी करावंसं वाटतंच.

त्या वर्षी दादासाहेब अस्वल जंगलाचे अध्यक्ष झाले. मनानं चांगले गृहस्थ. भेटेल त्याला मिठी मारायचे. ससे त्यांना लांबूनच नमस्कार करत, ते वेगळं. आणि त्याच वर्षी साळूमावशीचं बीळ गेलं.

साळूमावशी म्हणजे साळिंदर. तिनं करवंदीच्या जाळीखाली स्वतः बीळ खणलं होतं, आणि नुकतीच तिला दोन पिल्लं झाली होती. एकदा ती कंद शोधायला गेली आणि परतली, तर पिल्लं जाळीबाहेर कुडकुडत बसलेली, आणि बिळातून हसमुखराव तरसाचं तोंड बाहेर. हसमुखरावांचं तोंड असं, की ते रडले तरी हसल्यासारखे दिसत. ते म्हणाले, माझे आजोबा एका पावसाळ्यात इथंच झोपले होते, म्हणजे हे बीळ आमच्या घराण्याचं.

मावशी म्हणाली, तुमचे आजोबा होते तेव्हा इथं बीळच नव्हतं, मी परवा खणलं. हसमुखराव म्हणाले, मग ते उघड्यावर झोपले असतील, जागा तीच.

पिल्लांचे काटे अजून मऊ होते. हाताला लागले तर गवतासारखे वाटतील, एवढे मऊ. आणि त्या बाजूला बिबट्याची ये-जा होती. तेव्हा मावशीला बीळ लवकर परत मिळायला हवं होतं. तिनं गिरकोबाकडे खटला लावला.

दिवस ठरला. तेवढ्यात दादासाहेबांच्या ध्यानात एक भयंकर गोष्ट आली. इतकी वर्षं हा भुंगा न्याय देतोय, आणि त्याचा अजून सत्कार झालेला नाही.

त्यांना जेवण गेलं नाही. आपण कृतघ्न आहोत, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. त्यांनी वानरगुरुजींना बोलावलं. वानरगुरुजी म्हणजे जंगलातले सूत्रसंचालक. फांदी मोडून पडतानाही ते 'यानंतर मी पडतो आहे' असं सांगून पडायचे. दोघांनी बसून ठरवलं, की सत्कार कपारीतच करायचा, आणि खटल्याच्याच दिवशी करायचा. म्हणजे सगळे एकदाच डोंगर चढतील.

शाल सुगरणींनी विणली. काट्याकुट्यांना अडकलेली मेंढ्यांची लोकर गोळा करून. त्यांनी आधी गिरकोबाच्या मापाची केली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. दादासाहेबांनी ती परत पाठवली. एवढीशी शाल दिली तर लोक काय म्हणतील, आपला मान काय राहील? मग अस्वलाच्या मापाची झाली. जादा लागलेली लोकर हसमुखरावांनी पुरवली. त्यांनी आपणहून विचारलं होतं, काही मदत हवी का. आता यात त्यांचा काही डाव होता का, ते मला माहीत नाही. सरड्याला विचारलं तर तो हिरवा झाला.

साळूमावशीला हे कळलं तेव्हा ती वानरगुरुजींकडे गेली. म्हणाली, आधी निकाल होऊ दे, मग करा काय करायचं ते.

"मावशी, प्रमुख पाहुण्यांना लवकर जायचंय," गुरुजी म्हणाले.

"कुठं?"

"ते लवकर जाण्यासाठीच प्रमुख पाहुणे आहेत."

मावशी परत फिरली. तिला वाटलं, हार घालतील, दोन शब्द बोलतील, जातील. तिचे दिवस वाईट होते, अशा दिवसांत आपण फार ताणून धरत नाही.

खटल्याच्या दिवशी मावशीनं पिल्लांना कपारीबाहेर बसवलं आणि ओहोळात पाय बुडवले. थंडीनं तिचे काटे ताठ झाले, तरी ती उभी राहिली. मग आत जाऊन तिनं आपलं सगळं सांगितलं. बीळ कसं खणलं, मधे दगड कुठं लागला, तो टाळायला वळण कुठं घेतलं. हसमुखरावही आले. त्यांनी पाय बुडवले, आजोबांचं सांगितलं, मग आजोबांच्या भावाचं सांगितलं. गिरकोबा दोन्हीकडे फिरत ऐकत होता. ऊन कपारीच्या तोंडापाशी यायला थोडंच राहिलं होतं.

तेवढ्यात वाजतगाजत मंडळी आली.

मावशी धावत बाहेर येऊन ओहोळापाशी आडवी आली. निदान पाय तरी बुडवा, म्हणाली. वानरगुरुजींनी तिला बाजूला घेतलं आणि समजावलं, की पाहुण्यांना गार पाण्यात उभं करणं बरं दिसत नाही. पाहुणे चढून चढून तापले होते. ते तसेच आत शिरले. आधी हत्तीचे भाचे, मग रानडुकरं सहकुटुंब, मग बाकीचे. कपार गच्च भरली.

दीप लावला. दीप म्हणजे वाळक्या पळसाची पेटती फांदी. ती नीट पेटेना, म्हणून आणखी तीन पेटवल्या.

वानरगुरुजींनी प्रास्ताविक केलं. प्रास्ताविकात त्यांनी गिरकोबाची ओळख करून दिली, आणि दादासाहेबांची ओळख करून दिली, आणि ज्यांना ओळखीची गरज नाही अशा सगळ्यांची नावं घेतली. प्रत्येक नावाला पाय आपटून दाद मिळाली. कातळ थरथरू लागला.

खळगीतून बारीक आवाज आला. गिरकोबा म्हणाला, "जरा गार राहू द्या हो. माझ्याकडे कुणाचं तरी ठेवलेलं आहे."

"पाहिलंत?" दादासाहेब गहिवरून म्हणाले. "किती हा विनय."

पुन्हा पाय आपटले.

मग दादासाहेब बोलले. ते खळगीवर वाकून बोलले, म्हणजे प्रत्येक शब्द गरमागरम तिथंच पडावा. थंड डोक्यानं न्याय कसा करावा, हे आपण गिरकोबाकडून शिकलं पाहिजे, असं ते म्हणाले. थंड डोक्यावर ते बराच वेळ बोलले. सरडा सांगतो, की भिंतीवरचं दव वाळून गेलं आणि त्याला स्वतःला फार बरं वाटलं, अगदी झोप आली.

मावशी डावीकडे आपल्या जागी बसून खळगीकडे बघत होती. गिरकोबा फिरत होता. पण ती जवळ होती, तिला दिसलं. तो आता नुसता फिरत होता.

"गिरकोबा," ती हळूच म्हणाली, "मी साळू. वळणावरचा दगड आठवतो ना?"

"कुठलं वळण, बाई?" गिरकोबा म्हणाला.

ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, थांबवा, त्याचा ताल सुटलाय. सगळ्यांनी खळगीत डोकावून पाहिलं. फिरतोय की, एक डुक्कर म्हणालं. चांगला फिरतोय, दुसरं म्हणालं, आधीपेक्षा जोरात फिरतोय. वानरगुरुजींनी मावशीला बसायची विनंती केली.

मग शाल. दादासाहेबांनी ती स्वतःच्या हातानं उलगडली, आणि खळगीवर, खळगीच्या आसपास, अर्ध्या कपारीवर पांघरली. वरून नारळ ठेवला. शालीखाली काय चाललंय ते कुणाला दिसेना, पण मान केवढा मोठा झाला ते सगळ्यांना दिसलं.

एवढ्यात ऊन तोंडाशी आलं. खटला चालू आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. शालीचा कोपरा उचलून दादासाहेबांनीच मोठ्या प्रेमानं विचारलं, "बोल बाळा, कुठली बाजू?"

गिरकोबा थांबला. दादासाहेबांकडे तोंड करून थांबला. शेवटचा धक्का त्यांच्याच श्वासाचा होता.

सगळ्यांनी वानरगुरुजींकडे पाहिलं. मग वानरगुरुजींनी जाहीर केलं, की साळूमावशीचं बीळ दादासाहेबांना मिळालं आहे.

दादासाहेब कानकोंडे झाले. म्हणाले, मी मागितलं नव्हतं, पण न्यायाचा अवमान मी कसा करू? दुसऱ्या दिवशी त्यांनी बिळात शिरून पाहिलं. डोकं गेलं, खांदे जाईनात. म्हणून त्यांनी ते बीळ सांभाळायला हसमुखरावांना दिलं, कारण हसमुखराव आधीपासून तिथं होतेच.

सत्कार संपल्यावर मंडळी डोंगर उतरली. मावशी उतरली नाही.

तिनं नारळ ढकलला. शालीत पाठ घुसवली, काट्यांत अडकवून ती ओढून बाहेर काढली. फांद्या विझवल्या. मग ओहोळात शेपूट भिजवून भिजवून तिनं कातळावर पाणी शिंपडलं. पिल्लांना बाहेर शालीवर बसवून ती वाट पाहत राहिली. कातळ निवत गेला. गिरकोबाचा ताल जमला.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

"साळू. बिळाचा खटला."

"मला काहीच आठवत नाही, मावशी. एकदा पुसलं की गार करून परत येत नाही. पुन्हा सांगावं लागेल."

तिनं पुन्हा सांगितलं. दगड, वळण, सगळं.

"आता दुसरी बाजू," गिरकोबा म्हणाला.

"तो आलेला नाही. येणारही नाही. बिळात आहे."

"मग मला कुठल्याच बाजूला थांबता येणार नाही. एकाच बाजूचं ऐकलं तर माझ्यात आणि त्या मोठ्या प्राण्यांत फरक काय?"

बाहेर एक पिल्लू कुरकुरलं. मग मावशी डावीकडची जागा सोडून उजवीकडे जाऊन बसली.

"त्याची बाजूही मीच सांगते," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितली. आजोबांचं सांगितलं, आजोबांच्या भावाचंही सांगितलं, जसं हसमुखरावांनी सांगितलं होतं तसंच. काही गाळलं नाही. आणि हसमुखरावांनी स्वतः न सांगितलेलं एक सांगितलं. त्याचा पुढचा पाय लंगडा आहे, ती म्हणाली. त्याला खणता येत नाही. हे तो कुणाला सांगत नाही, पण मी त्याला चालताना पाहिलंय.

मग तिनंच विचारलं, "कुठली बाजू?"

गिरकोबा थांबला. त्याचं तोंड डावीकडे होतं, तिच्या रिकाम्या जागेकडे.

"बीळ तुझं," तो म्हणाला. "आणि तो लंगडा आहे, हेही खरं. त्याचं काय करायचं ते माझ्या हातात नाही."

मावशी निकाल घेऊन दादासाहेबांकडे गेली. त्यांनी तिला बसवलं, विचारपूस केली, मग म्हणाले, निकाल ऐकायला कोण होतं? अध्यक्षस्थानी कोण होतं? प्रास्ताविक कुणी केलं? मावशी म्हणाली, कुणी नाही. दादासाहेबांना वाईट वाटलं. असा चोरून लागलेला निकाल धरायचा कसा, ते म्हणाले. आपण त्याचं रीतसर प्रकाशन करू. कपारीतच करू.

पण बाळांनो, तोंडं पाडू नका. रात्रभर विचार करून दादासाहेबांना सगळं उमगलं. सकाळी ते एकटेच डोंगर चढले. ओहोळात उभे राहिले, चांगले दात वाजेपर्यंत. मग आत गेले, श्वास बाहेर तोंड करून सोडला, आणि म्हणाले, "गिरकोबा, चुकलो." तिथून ते करवंदीच्या जाळीपाशी गेले. हसमुखराव खाली मान घालून बाहेर आले. साळूमावशीनं पिल्लांना आत नेलं, आणि संध्याकाळी शेजारच्या उतारावर हसमुखरावांसाठी एक वेगळं बीळ खणायला घेतलं.

तात्पर्य : न्यायी माणूस अडचणीचा झाला, तर त्याच्याशी भांडू नये, त्याला धमकावू नये, त्याची बदली तर मुळीच करू नये. त्याचा सत्कार करावा. शाल जाडसर घ्यावी.

आता ती दोन वेण्यांची पुन्हा विचारते आहे, की काका, यातलं खोटं काय? दोन्हीकडे एकदम फिरणारा भुंगा ना?

नाही गं. तो खरा आहे. शास्त्रज्ञांकडे तसले पुष्कळ आहेत. त्यांची खळगी धुळीच्या कणाहूनही कितीतरी लहान असते, सेमीकंडक्टरच्या तुकड्यात केलेली. तिला ते क्वांटम डॉट म्हणतात. आत एक इलेक्ट्रॉन कोंडलेला असतो, आणि त्याच्या गिरकीला ते स्पिन म्हणतात. ती गिरकी खरोखरच दोन्ही बाजूंची एकदम असते, विचारेपर्यंत. आणि तिचा ताल टिकावा म्हणून ते बिचारे ती खळगी चांदण्यांमधल्या पोकळीहूनही गार ठेवतात. जरा ऊब लागली की आजूबाजूचे अणू थरथरतात आणि सगळं पुसलं जातं. पाय बुडवण्याचा नियम त्यांच्याकडेही आहे, फक्त ओहोळ वेगळा.

थंडी खरी, खळगी खरी, शालही खरी.

खोटं एवढंच, की दादासाहेब सकाळी डोंगर चढले. ते मी रचलं. तुमची तोंडं फार उतरली होती म्हणून. प्रकाशन समारंभाची तारीख अजून ठरते आहे. साळूमावशी कपारीबाहेर त्याच शालीवर पिल्लांना घेऊन झोपते. शाल मात्र फार उबदार आहे.